खाटेखालच्या गिटारीची मोहीम

“आई, बाबांना त्या खोक्याला हात लावू देऊ नकोस. बोट म्हणशील तर बोटही नाही.”

ऐसी आज्ञा राजकन्येने घर सोडते समयीं, उंबरठ्यात एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायात बूट चढवीत केली, आणि मातुश्री बाईसाहेब यांनी ती शिरीं धरिली, आणि वचन दिले कीं, देहांत जीव आहे तोंवर खोके जतन करूं. ते वचन कैसे पाळिले, आणि त्यापायीं रावसाहेब हात असोन बिनहाताचे व बाईसाहेब मुख असोन बिनमुखाच्या होऊन कैसी लढाई झुंजले, हे वर्तमान मागाहून येणारांस ठाऊक असावे, याकरितां श्रींचे स्मरण करून, पदरचा मीठमसाला न घालितां, जैसे घडले तैसे लिहिले असे.

रावसाहेब म्हणजे छापखान्यातील कदीम मुद्रितशोधक. तीस वर्षे लोकांच्या चुका तांबड्या शाईने धरिल्या, आणि स्वतःची एकही कबूल केली नाही, ऐसी त्यांची ख्याती. बाईसाहेब शिवणकाम करीत. गल्लीतील निम्म्या अंगांची मापे त्यांस मुखोद्गत. त्यांचा नेम ऐसा कीं, सकाळी देवापुढे दिवा लाविला म्हणजे अकराचा ठोका पडेतोंवर मौन. एकदां या मौनात दूध उतू जाऊन ओटाभर जाहले, तरी बाईसाहेबांनी शब्द काढिला नाही. फक्त रावसाहेबांकडे पाहिले, आणि रावसाहेबांनी ओटा पुसला.

ऐसियास उसनी गिटार आणून वाजविणाऱ्या राजकन्येने एके काळी स्वतःची विजेची गिटार, सुटी, घरी जोडावयाची, खोक्यात घालून मागविली होती. खोके दारांत आले त्याच क्षणी रावसाहेबांनी, “लाकडं घासून पोट भरतं होय? दे ते भंगारात!” ऐसा गोळा डागिला. मग राजकन्येने उलट गोळा टाकिला नाही, हेंच वाईट जाहले. तिने खोके न उघडितां खाटेखाली लोटिले, वाजविणे सोडिले, आणि परमुलखी नोकरी धरून ती निघोन गेली. तेव्हापासून तीन वर्षे बापलेकींचे दळणवळण म्हणावे तर फोनवर इतकेच कीं, “बरी आहेस?” “बरी आहे.” “आईला देतो.” आणि आईला देतांना रावसाहेब फोन ऐसा धरीत कीं जणू तापलेली तवली.

पुढे रावसाहेब नोकरींतून मोकळे जाहले. आठ दिवस खिडकीशी बसोन समोरच्या दुकानाच्या पाटीतील चुका मोजिल्या, त्या संपल्या. मग नवव्या दिवशी दुपारी बाईसाहेब काजे करीत असतां जवळ येऊन, भिंतीकडे पाहोन बोलिले, “ते खाटेखालचं... जोडू या का आपण?”

बाईसाहेबांची सुई थांबली. “कशाला?”

“कशाला म्हणजे? धूळ खातंय.”

“तीन वर्षं खातंय. आजच दिसली वाटतं?”

रावसाहेब हळूच म्हणाले, “ती वाजवायची तेव्हा मी दार लावून घ्यायचो. आता दार उघडंच असतं.”

हे ऐकोन बाईसाहेबांचे मन द्रवले, परंतु वचन ते वचन. म्हणोन तेथेच तहनामा ठरला: खोके बाईसाहेबांनी उघडावे, हत्यार बाईसाहेबांनी धरावे; रावसाहेबांनी सोबतचा सूचनापत्रकाचा कागद वाचून हुकूम सांगावे, आणि कागद धरणे सोडून एरवीं दोन्ही हात पाठीमागे बांधोन उभे राहावे. दुपारी गिऱ्हाइकांची वर्दळ, आणि उजेड तर पूर्वेच्या खिडकींत सकाळींच. याकरितां मोहिमेचा समय नेमका मौनाचाच आला. तेव्हां बाईसाहेबांनी बोटातील अंगुस्तान मेजावर एकदां वाजविले तर ‘होय’, आणि दोनदां वाजविले तर ‘नाही’, ऐसी खूण मुक्रर जाहली. तीनदां वाजले तर काय, ऐसे रावसाहेबांनी पुसिले. बाईसाहेब म्हणाल्या, “तीनदा वाजलं की गप्प बसायचं.”

मग सुमुहूर्ते दिवा लागला आणि खोके फुटले. आंत धड निघाले, कच्च्या लाकडाचे, घडीव. मान निघाली, सुरांचे पडदे ठोकलेली. सहा खुंट्या, सहा तारा, तारा ज्यावर टेकतात ती लोखंडी घोडी, तारांचा नाद टिपणारे दोन पिकअप, आवाजाचे बटण, आणि वायरींचा ऐसा गुंता कीं पाहातां मोठमोठ्या सरदारांनी माघार घ्यावी. बाईसाहेबांनी माघार घेतली नाही. गुंता तो, रेशमी असो वा तांब्याचा. त्यांनी मांडीवर घेऊन उकलिला.

पहिली लढाई पॉलिशपेपरची. बारा दिवस बाईसाहेब धड घासीत होत्या, आणि रावसाहेब पाठीशी हात बांधोन “डावीकडे अजून खरखरीत आहे, डावीकडे, तुझ्या डावीकडे गं,” ऐसे हुकूम सोडीत, आणि अंगुस्तान तीनदां वाजे. आणि घराचा सारा मुलूख भुशाने पिवळा जाहला, आणि एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजांतही भुसा निघाला, तो मामला वेगळा. मग तेल चढविले, आणि वाळेतोंवर चार दिवस शस्त्रसंधी. रावसाहेब जाता येता जवळ जाऊन वास घेत. नाक हे हातांत मोडत नाही, ऐसा त्यांचा दावा होता.

दुसरी लढाई सोल्डरिंगची, ती फार घनघोर. कथील वितळे, धूर चढे, रावसाहेब वाऱ्याच्या दिशेस उभे राहून खोकत हुकूम वाचीत. तेव्हां तापलेले टोक बाईसाहेबांच्या करंगळीस लागले. मौन होते. बाईसाहेबांनी ओठ आवळिला, आणि “आई गं!” ऐसी किंकाळी रावसाहेबांनी मारिली. शेजारचे धावत आले. चटका एकाचा आणि आरोळी दुसऱ्याची, ऐसे संसारांत क्वचित घडते.

आतां जो घात जाहला तो सांगणे प्राप्त आहे. कागदांत एकाखाली एक दोन ओळी होत्या, दोन्ही अक्षरशः सारख्या: ‘काळी तार बटणाच्या पाठीस जोडावी.’ रावसाहेबांस तीस वर्षांची सवय. एकच ओळ दोनदां छापिली, छापखान्याचा गाढवपणा, ऐसे मनांत आणून त्यांनी खिशांतून तांबडे पेन काढिले, आणि दुसरी ओळ मोठ्या समाधानाने खोडिली. वास्तविक काळ्या तारा दोन होत्या. दुसरी घोडीखालून भोकांतून येऊन पोकळींत दीड बोट लोंबत होती. ती बाईसाहेबांच्या दृष्टीस पडली. आणि शिवणकामांत जन्म गेलेल्या माणसास लोंबते शेपूट दिसले तर तो काय करील? त्यांनी कात्री घेतली आणि दोऱ्याचे टोक कापावे तैसी ती भोकालगत, साफ, कापिली.

“ती तार कापायची होती ना?” रावसाहेबांनी पुसिले.

अंगुस्तान एकदां वाजले, ठणठणीत.

मग मान धडास चार स्क्रूंनी जोडिली, तारा चढविल्या, आणि राजकन्येची जुनी, आवाज वाढविणारी पेटी माळ्यावरून उतरविली, आणि अकराचा ठोका पडल्यावर, बोलायची मुभा जाहल्यावर, पेटी चालू केली. श्रींचे नांव घेऊन बाईसाहेबांनी तार छेडिली. तो पेटींतून ऐसी भोंऽऽ म्हणोन गुणगुण उठली कीं तारेचा नाद तींत बुडोन गेला. बटण फिरविले, भोंऽऽ. तारांवर पंजा ठेविला, तरी भोंऽऽ.

बाईसाहेब मटकन खाली बसल्या. “आठवड्यानं ती अजून लांब बदलीवर जाणार,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं होतं, त्याआधी हिचा आवाज फोनवर ऐकवीन. भोंऽऽ काय ऐकवू?”

रावसाहेबांचे हात पाठीमागेच होते, परंतु ते घट्ट आवळिले होते. ते जिना चढोन गेले आणि वरच्या मजल्यावरील रेडिओवाले आप्पा यांस कुमकेस घेऊन आले. आप्पांनी चाळीस वर्षे रेडिओ दुरुस्त केले होते, आणि कानांत यंत्र घालीत. त्यांनी यंत्र काढून खिशांत ठेविले, पेटीवर तळवा ठेविला, दुसऱ्या हाताने तारांस स्पर्श केला, आणि निवाडा दिला.

“तारांना हात लावला तरी थरथर कमी होत नाही. घोडीला अर्थिंग नाही तुमच्या. ती काळी तार कुठंय?”

“कुठली काळी तार?” बाईसाहेब म्हणाल्या, आणि म्हणतांना त्यांचे डोळे कात्रीकडे गेले. “अगं बाई! ती होय? मी शेपूट म्हणून कापली.”

“कागदात लिहिलेलं असतं की!” आप्पा कात्रीकडे पाहोन म्हणाले.

आप्पांनी कागद मागितला. रावसाहेबांनी तो देण्यास फार वेळ लाविला. कागदावर दुसरी ओळ, तांबड्या शाईने, पट्टी लावून खोडिलेली होती, आणि समासांत ‘द्विरुक्ती’ ऐसे सुवाच्य लिहिले होते.

आप्पा हसों लागले, आणि कानांत यंत्र नसल्याने आपण किती मोठ्याने हसतों हे त्यांस कळेना. “वा! एकानं खोडली, दुसरीनं कापली. तुमचं लग्न कुणी जमवलं हो?”

परंतु बाईसाहेब हसल्या नाहीत. रावसाहेब कागदाकडे पाहात होते, जैसे परक्याच्या हस्ताक्षराकडे पाहावे.

“न वाचता खोडली मी,” ते म्हणाले. “एकसारखी दिसली म्हणून.” मग बोलिले, “तिचंही तसंच केलं. खोकं उघडायच्या आधीच.”

बाईसाहेबांनी शांतपणे पुसिले, “मग आता?”

“ही वाजली, तर मी स्वतः घेऊन जातो तिच्याकडे. आणि सांगतो.”

“काय सांगता?”

“सांगतो ना.”

“शब्द काय तो बोला. इथं आप्पा साक्षीला आहेत.”

“आप्पांना ऐकू येत नाही.”

“मला येतं.”

तेव्हां रावसाहेबांनी भिंतीकडे न पाहातां, बाईसाहेबांकडे पाहोन वचन दिले, “चुकलो, असं सांगेन.”

दुसरे दिवशी दिवा लागला आणि अखेरचा सुरुंग सुरू जाहला. तारा सैल केल्या, घोडी उतरविली. परंतु घोडीखालून पोकळींत जाणारे भोक वीतभर लांब आणि वाकडे. नवी तार निम्म्यावर अडकोन दुमडे. आप्पांनी तीनदां यत्न केला आणि हात टेकिले. मग बाईसाहेबांनी गोधडी शिवावयाचा दाभण आणिला, त्यांत दोरा ओविला, दोऱ्याचे दुसरे टोक तारेस बांधिले, दाभण भोकांत सोडून गिटार उभी धरिली. दाभण आपल्या वजनाने खाली उतरला, मागोमाग दोरा, आणि दोऱ्यामागून काळी तार, सासरीं निघाल्यासारखी लाजत लाजत, पोकळींत प्रकट जाहली. तिला कथलाचा डाग दिला. घोडी बसविली. कात्री त्या दिवशी कपाटांत कुलूपबंद होती.

तारा ताणून पेटी चालू केली. बाईसाहेबांनी तळवा ठेविला. निःशब्द. ऐसी शांतता त्या घरांत देव्हाऱ्यापुढेच काय ती असे. मग त्यांनी एक तार छेडिली, आणि एकच सूर, स्वच्छ, धुतल्यासारखा, निघोन खिडकीबाहेर गेला. मौन सुटावयास अजून घटका होती. बाईसाहेबांच्या गालांवरून पाणी वाहिले, त्यास नेमाची आडकाठी नव्हती. आणि अंगुस्तान मेजावर एकदां वाजले.

येणेप्रमाणे तीस दिवसांची मोहीम, भुसा, धूर, एक करंगळी आणि एक ओळ खर्ची पडोन, फत्ते जाहली. खाटेखालील जागा मोकळी जाहली. आणि राजकन्येच्या आज्ञेस अखेरपर्यंत बाध आला नाही, हे येथे नमूद केले असे.

तिसरे दिवशी सकाळी, दिव्याची वात अजून नवी असतां, रावसाहेब धुवट सदरा घालून समोर आले. बाईसाहेबांनी उरल्या कापडांची, कापूस भरलेली, रुंद पट्ट्याची खोळ शिवून गिटार तींत घातली होती. रावसाहेब पट्ट्याकडे पाहोन थबकले.

“खोळीला हात लावलेला चालेल?”

अंगुस्तान एकदां वाजले.

त्यांनी पट्टा खांद्यावर घेतला. खिशांत तांबडे पेन होते, ते काढून देव्हाऱ्याशेजारी ठेविले. मग दार उघडिले, ते लावून न घेतां तैसेच उघडे ठेविले, आणि जिना उतरों लागले. बाईसाहेब दिव्यापुढे बसोन ऐकत होत्या. प्रत्येक पायरीला एकदां, हलक्या आवाजांत, रावसाहेब दिल्या वचनाचा एकच शब्द घोकीत उतरत होते.