विषखात्याचे कारभारी बहिरोपंत यांस ताप आला त्याची हकीकत

श्रीधन्वंतरी समर्थ, वाचणारांचे पोट शाबूत राहो. शके सतराशे एक, विकारी नाम संवत्सर, भाद्रपद मासी एका राज्यात, ज्याचे नाव लिहिण्यास परवानगी मागितली आहे आणि अद्याप आली नाही, महाराजांस एक चूर्ण बाधले आणि तीन दिवस सिंहासन रिकामे राहिले आणि महाराज परसाकडे राहिले. मग महाराजांनी बहुत क्रोधायमान होऊन विषखाते स्थापिले, आणि विषांचा शोध करावा, वैद्यांची औषधे तपासावी, ऐसा हुकूम करून कारभार बहिरोपंतांस सांगितला. पंत थोर सावध पुरुष. आईने वाढलेल्या वरणभातावरही शिक्का मागत. त्यांनी दंडक घातला की औषध मूळ रूपात तपासावे, भेसळ चालणार नाही. तों चिमाबाई वैदीण, जिच्या हातास त्या मुलखी मोठा गुण, तिने तापावरील गोळी दाखल केली. गोळीत बचनाग, म्हणजे जहरी मूळ. परंतु ते तीन दिवस गोमूत्रात भिजवून, उन्हात ठेवून, जहर मारून मगच घालावे, ऐसी तिच्या घराण्याची रीत. खात्याचे विद्वान म्हणाले, गोमूत्र ही भेसळ. आणि बाजारातून कच्चा बचनाग आणून सरकारी कोंबड्यास चारला. कोंबडा अर्ध्या घटकेत कामास आला. मग त्यास लष्करी इतमामाने मूठमाती दिली आणि गोळीवर बंदी जाहली. चिमाबाई म्हणाली, "अहो विद्वानांनो, कच्चे तांदूळ चावून भाताला नावं ठेवता होय?" तिचे बोलणेही भेसळ ठरवून दप्तरी घेतले नाही.

मग पुढील मासी खुद्द बहिरोपंतांस ताप भरला, आणि आठ दिवस उतरेना, आणि जीव राहतो की जातो ऐसे जाहले, आणि सर्व वैद्य हात टेकून म्हणाले, आता चिमाबाईची गोळी तेवढी राहिली. तेव्हा पंतांनी घोंगडी पांघरून, कचेरीबाहेर उभे राहून स्वतःस अर्ज लिहिला, मग आत जाऊन गादीवर बसून वाचला, डोळ्यांस पाणी आले, आणि नामंजूर केला. मग बाहेर येऊन निकाल वाचला आणि "कारभारी फार कडक माणूस" म्हणून ओटीवर आडवे जाहले.

चिमाबाई धावत आली. "पंत, मरताय की काय! सही करा नि गोळी घ्या."

"बाई, माझे त्यांच्यापुढे काय चालते?"

"मग त्यांना म्हणावं, आमच्या अंगणात या नि रीत डोळ्यांनी बघा!"

हे मात्र नियमात बसले. मग पंत तीन दिवस गोमूत्राच्या मडक्यासमोर भर उन्हात, घोंगडीसकट, नाक मिटून आणि डोळे न मिटता बसले. तिसरे दिवशी दरदरून घाम फुटला आणि ताप उतरला आणि पंतांनी मऊ भात मागितला, शिक्क्यावाचून.

"अहो, गोळी अजून वळायचीय," चिमाबाई म्हणाली. "तापाची मुदत भरली, तो आपला गेला."

"नाही बाई," पंत ताडकन उठले, "औषध लागू पडले! आम्ही खासा पाहिले. आणि पोटात गेले नाही, म्हणून बाधलेही नाही!"

त्याच दिवशी हुकूम सुटला की चिमाबाईचे औषध मंजूर. रोग्याने रोज दोन प्रहर टक लावून पाहावे, गिळू नये. मग मुलूखभर रोगी मडक्यांसमोर बसले आणि चिमाबाईने कपाळावर हात मारून घेतला.

तात्पर्य, त्या साली राज्यात औषधाने एकही माणूस दगावला नाही, आणि विषखात्यास मानाची पालखी मिळाली. रोगाने दगावले ते बहुत. परंतु ते खाते वेगळे. लेखकाने पाहिले तितके लिहिले, गिळले काही नाही.