पावणं, भिंत कुठली?

गणपाप्पांना कुणी चित्राची किंमत विचारली की ते उलट विचारतात, "भिंत कुठली?"

आप्पा शिवाजी पेठेतले माझे शेजारी. आमची भिंतीला भिंत. फळीवर चित्र उलटं कोरायचं, शाई फासायची आणि कागदावर सुलटा ठसा उमटवायचा, हा त्यांचा उद्योग. रंकाळ्यातली म्हैस, लंगोट पिळणारा पैलवान, गोल हुकल्यावर डोकं धरून बसलेली अख्खी पेठ.

परवा राजारामपुरीतल्या हस्तकला मेळ्यात त्यांच्या स्टॉलवर मदतीला गेलो होतो. एक बाई म्हैस निवडून म्हणाल्या, "हॉलमध्ये लावीन."

"टीव्हीच्या वर?"

"हो."

"मग नको. तुम्ही सगळी टीव्ही बघणार. म्हस एकटी पडंल की!"

बाई पलीकडं बांगड्या बघायला गेल्या.

भिंत पास झाली की पुढचा पेपर. गल्ली कुठली? घरात कोण कोण? चहात आलं घालता? आता कोल्हापुरात अनोळखी माणसाला सगळेच पावणं म्हणतात. मनावर कुणी घेत नाही. आप्पा घेतात. "चित्र दिलं म्हंजी सोयरीक झाली. पावणं, आयतवारी येतो." आणि खरंच जातात. इस्त्रीचा सदरा, हातात केळ्यांची फणी. गडमुडशिंगीच्या एका घरानं तर त्यांना बारशालाही बोलावलं होतं.

दुपारी आप्पा जेवायला गेले आणि स्टॉल माझ्यावर सोपवून गेले. माझा विक्रीतला अनुभव दांडगा. जुनी स्कूटर विकायला गेलो होतो, तेव्हा तिच्याहून जुनी घेऊन आलो होतो. पण त्या दिवशी हाताला यश होतं. एका गॉगलवाल्यानं दोरीवरची जवळजवळ सगळी चित्रं उचलली. वर मी पिशवी फुकट दिली.

आप्पा आल्यावर मी छाती फुगवून म्हणालो, "खपली!"

"घर कुठलं त्याचं?"

"विचारलं नाही."

"नाव?"

"गॉगल होता."

आप्पांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते दोरीवरचे रिकामे चिमटे नुसते चाचपत राहिले.

"म्हंजी ह्या आयतवारी कुठंच न्हाय," ते हळूच म्हणाले.

वहिनी गेल्यापासून आप्पांच्या दारात चपलांचा एकच जोड असतो. रोज बघत होतो मी. बघत होतो म्हणजे ओलांडून जात होतो.

दोरीवर एक पैलवान उरला होता. शाई जास्त लागून त्याचं तोंड काळं झालेलं. माझंही त्या वेळी तसंच होतं.

"हा मला द्या आप्पा."

"भिंत कुठली?"

"तुमची-माझी मधली."

आप्पांनी पैलवानाचा चिमटा सोडवला. मग मला जन्मात पहिल्यांदा अहोजाहो करत विचारलं, "चहात आलं घालता?"

रविवारी मी खिडकीतून बघत होतो. आप्पा सदरा घालून, कुलूप लावून बाहेर पडले. माझ्या दारावरून सरळ गेले, कोपऱ्यावर केळी घेतली, परत फिरले आणि कडी वाजवली. इतकी वर्षं शेजारी राहून हा माणूस कधी माझ्या घरात आला नव्हता. मीही कधी 'या' म्हणालो नव्हतो.

मी दार उघडलं. आप्पांनी केळी पुढं केली आणि घाम पुसत म्हणाले, "घर गावायला जरा येळ लागला, पावणं."