वीस रुपयांचं चिलखत

"जगातलं कुठलंही मशीन मला जावयासारखा मान देतं," धोंडिराम सगळ्यांना सांगायचे. साकीनाक्याला चौतीस वर्षं लेथ चालवलेली ना! पण लगेच पुस्तीही जोडायचे, "आमचा मिक्सर सोडून. तो मला बघितलं की झाकण उडवतो."

तर हे धोंडिराम शांताबाईंना घेऊन घाटकोपरहून सिंगापूरला मुलाकडे, हर्षदकडे निघाले. परदेशात चालणारं कार्ड हर्षदनेच काढून दिलं होतं. "बाबा, थोडी कॅश पण ठेवा हां."

"कॅश गावंढळ लोक ठेवतात रे!" असं म्हणून ते कार्ड मळू नये म्हणून त्यांनी झेरॉक्सवाल्याकडे नेलं आणि वीस रुपयांत लॅमिनेट करून आणलं. (घरात रेशनकार्डापासून दहावी नापासाच्या मार्कशीटपर्यंत सगळं असंच जपलेलं.)

सिंगापुरात हर्षदने अट घातली. "एकटे फिरा, पण कुठे अडलात तर उरलेले आठ दिवस घरात टीव्ही बघायचा."

"जा रे तू ऑफिसला!"

बसमध्ये दाराजवळच्या डबीला कार्ड टेकवलं. टुंग! कंडक्टर नाही, सुट्ट्यांवरून भांडण नाही. धोंडिरामांनी त्या डबीला चक्क हात जोडले. ट्रेनचं फाटक, टुंग! पाण्याची बाटली, टुंग! "शांते, अगं ही लंका सोन्याची नाही, विश्वासाची आहे!" त्यांचे डोळे पाणावले. चौथी बाटली तर त्यांनी नुसता तो आवाज ऐकायला घेतली.

दुपारी शांताबाईंचं डोकं चढलं. चहा हवाच. चहावाल्या म्हातारीने कार्ड बघून मान हलवली आणि बोटांनी नोटा मोजायची खूण केली.

"थांब, आत्ता काढतो!" धोंडिराम एटीएमकडे धावले. कार्ड आत जाईना. उलटं केलं, फुंकलं, नाण्याने कड घासली. मागे रांग लागली. शेवटी दातांनी प्लॅस्टिक सोलायला गेले, तर प्लॅस्टिक राहिलं जागेवर आणि कवळी आली हातात. डोळ्यांपुढे आठ दिवसांचा टीव्ही नाचू लागला. फोनवर हर्षदचं नाव काढलं, तेवढ्यात शांताबाई दोन चहा घेऊन हजर.

"अगं, पैसे कुठले?" त्यांनी कवळी बसवत विचारलं.

"भिशीचे. तुम्ही झेरॉक्सवाल्याकडे होतात, तेव्हा इथल्या नोटा करून आणल्या."

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

शांताबाईंनी निवांत एक घोट घेतला.

"सांगितलं असतं, तर तुम्ही त्याही लॅमिनेट करून आणल्या असत्या."