चंद्रीच्या हिरडीवरची रेघ

चंद्रीच्या पोटात महिनाभर कळा येत होत्या, म्हणून तिची आई रखमा औषध मागायला कुडपणहून महाडला जाऊन आली होती. तिथल्या डॉक्टरांनी सगळं ऐकून खापर फोडलं ते थेट भैरीदेवाच्या शेंदरावर. "शेंदरात शिसं असतं. पोर देवळात बसून बोटं चाटते म्हणतेस ना? सोमवारी मी येतो आणि वाडीतल्या सगळ्याच पोरांची तोंडं तपासतो. शिसं अंगात भिनलं असेल, तर हिला दोन-तीन महिने मुंबईच्या इस्पितळात ठेवावं लागेल."

"कळ पोरीच्या पोटात, आन् आळ देवावर!" देवाची पूजा करणारे गोमाजी, म्हणजे रखमाचे सासरे, उसळले. "माझा भैरी पोरास्नी इख घालील?"

रखमाला देवापेक्षा पोरीची चिंता होती. सहा वर्षांची लेक मुंबईला एकटी कशी राहील?

सोमवारी सकाळी शेजारची ठमाबाई नात घेऊन आली. "गो रखमा, एवढा मोठा डाक्टर तोंडं बघाय येतोय, आन् पोरं काय पारोशीच न्यायची?"

ते रखमाला पटलं. तिनं मिसरीची डबी उघडली. तव्यावर काळीभोर भाजलेल्या तंबाखूची ती पूड. वाडीतल्या बायका तिनंच दात घासत. पोरांना ती कुणी लावत नसे, पण आजचा दिवस वेगळा होता. चंद्रीला धरून तिनं खसाखसा दात घासले. ते बघून बाकीच्या आयाही आपापली पोरं घेऊन आल्या. अकरा तोंडं झाली आणि डबी संपली. ठमाबाईच्या तुळसाला नुसत्या पाण्याची चूळ भरावी लागली.

डॉक्टर डोलीतून उतरले. त्यांनी चंद्रीचा ओठ वर केला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"रेघ आहे. हिरडीच्या कडेला काळी रेघ, म्हणजे अंगात शिसं."

दुसऱ्या पोराला रेघ. तिसऱ्याला रेघ. एक पोर घामाघूम होऊन ओकलं. "हेही लक्षणच!" म्हणत डॉक्टरांनी टिपून घेतलं. अकराव्या पोरापाशी ते ओरडलेच. "देऊळ बंद करा! विहिरीचं पाणी पिऊ नका! अकरा डोल्या बांधा!"

"अकरा डोल्यांना चव्वेचाळीस गडी लागतील," गोमाजी म्हणाले. "वाडीत हायेत सोळा. बाकीचे मुंबईला."

शेवटी तुळसा पुढे आली. हिरड्या गुलाबाच्या पाकळीसारख्या.

"ही शेंदूर खात नाही वाटतं?"

"ही?" ठमाबाई म्हणाली. "देवाचा डावा पाय हिनंच चाटून उघडा पाडलाय!"

डॉक्टर पार गोंधळले. सगळ्यांत जास्त शेंदूर खाणारी निर्मळ, आणि बाकीच्या सगळ्यांना रेघा! त्यांनी बोटानं कपाळावरचा घाम निपटला.

"डाक्टर," रखमा हळूच म्हणाली, "तुमच्या कपाळावं पन रेघ आलीया."

डॉक्टरांनी बोट पाहिलं. मग हुंगलं. "मिसरी?"

"मंग? पारोशा तोंडाची पोर तुमच्याम्होरं आनू?"

पोरांना रांगेत उभं करून चुळा भरायला लावल्या. रेघा वाहून गेल्या. चंद्रीची हिरडीही स्वच्छ निघाली. डॉक्टरांनी तिचं पोट दाबून पाहिलं, दोन प्रश्न विचारले. "जंत आहेत. औषध देतो."

"मुंबय नाय ना?"

"नाही गं बाई."

रखमानं लेकीला उराशी धरलं आणि ती रडता रडता हसू लागली.

गोमाजींना तर आभाळ ठेंगणं झालं. "मी काय सांगत व्हतो? चाळीस वर्सं ह्याच बोटांनी शेंदूर कालवतोय, ह्याच बोटांनी तंबाकू मळून तोंडात टाकतोय. काय झालं मला? बघा!" असं म्हणून त्यांनी स्वतःच ओठ वर केला.

डॉक्टर वाकले. "चूळ भरा, बाबा."

गोमाजींनी भरली.

"पुन्हा भरा."

पाचव्या चुळीला रखमाचं हसू थांबलं. डॉक्टरांनी फडक्यानं हिरडी घासून पाहिली. रेघ जागची हलेना.

"बाबा," ते हलकेच म्हणाले, "डोली लागेल. एकच."

गोमाजींनी देवळाकडे एकदा पाहिलं आणि डॉक्टरांच्या कानाशी लागून म्हणाले, "जातो मी मुंबयला. पन देवाला कारन नका सांगू. त्याच्या जिवाला लागंल."