ऊबघरातले गरजू

या हिवाळ्यात नगरपालिकेच्या पत्रिकेत आपला फोटो छापून येणार म्हणजे येणारच, असं तिने नवऱ्याला बाथरूमच्या दारात अडवून सांगितलं. नवऱ्याच्या तोंडात ब्रश होता, त्यामुळे त्याचा विरोध फेसातच विरला!

ही पत्रिका काय चीज आहे ते आधी सांगायला हवं. थंडी पडली की ती दाराखालच्या फटीतून घरात येते. थंडीसारखीच, कुणी न बोलावता. पहिल्या पानावर नगराध्यक्षांचा हसरा फोटो आणि खाली संदेश: थंडीत उबदार कपडे वापरावेत. लोक अगदी ताटकळत बसलेले असतात ना हे कळायला! दुसऱ्या पानावर कचऱ्याच्या गाडीच्या बदललेल्या वेळा, ज्या छापून येईस्तोवर पुन्हा बदललेल्या असतात. मग ज्येष्ठांच्या चालण्याच्या स्पर्धेचा निकाल. तिथे दरवर्षी एकच गृहस्थ पहिले येतात, कारण बाकीचे गप्पा मारायला थांबतात. आणि शेवटच्या पानावर, रंगीत आणि चकचकीत: 'हिवाळ्यातले मदतीचे हात'.

त्या शेवटच्या पानावर तिचा डोळा होता.

कारण असं की, समाजशास्त्रात पहिल्या वर्गात एम. ए. झालेल्या या बाईला गेलं वर्षभर कुणी नावाने हाक मारलेली नव्हती. औषधवाला म्हणे 'बाळाची आई', लिफ्टमधल्या काकू म्हणत 'बाळाची आई', दवाखान्यातली नर्स तर भर गर्दीत ओरडे, "बाळाची आई, आत या!" आणि पाच बायका एकदम उठत. बरं, ज्याच्यामुळे ही पदवी मिळाली ते बाळ स्वतः काय म्हणत होतं? बाबा! बापाला बाबा, पंख्याला बाबा, खिडकीतल्या कबुतरालाही बाबा. आई हा शब्द त्याच्या गावीही नव्हता. नऊ महिने पोटात आणि वर्षभर कडेवर वागवलेल्या माणसाने निदान कबुतराच्या रांगेत तरी बसवावं की नाही?

"आईंना फोन करून सांगितलंय मी," ती म्हणाली. आई म्हणजे सासूबाई. "पंधरा दिवसांनी येतायत ना, तेव्हा पत्रिका हातातच ठेवणार आहे."

"आधी छापून तर येऊ दे!" नवरा चूळ भरून म्हणाला. पण तोवर ती बाळाला दुसरी टोपी घालायला गेली होती. पहिलीच्या वर. ती आई होती साधीसुधी, पण काळजी करण्यात तिचा हात धरणारं त्या उपनगरात कुणी नव्हतं. हीटरने हवा कोरडी होते आणि बाळाचं नाक चोंदतं, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. तेव्हापासून घरातला नवाकोरा हीटर खोक्यात होता आणि नवरा जेवताना हातमोजे घालत होता.

तर त्या पानावर यायचं म्हणून तिने हिवाळी मदत समितीत नाव घातलं. समितीच्या अध्यक्षबाई म्हणजे एक प्रस्थ! त्यांच्या बैठका फोनवरच व्हायच्या आणि सगळ्यांचे कॅमेरे बंद असायचे, कारण सगळे पांघरुणात असायचे. त्यामुळे कार्यकर्त्यांनी एकमेकांची तोंडं कधी पाहिलीच नव्हती.

"हे बघा," अध्यक्षबाईंचा आवाज आला, "नगरपालिकेने वाचनालयाच्या तळमजल्यावर ऊबघर उघडलंय. मोठे हीटर, खुर्च्या, चहा फुकट. ज्यांच्या घरात गारठा आहे ते तिथे येणार. प्रत्येकाने तिथे जाऊन एकेक गरजू हेरायचा. मात्र आपण समितीचे आहोत हे मुळीच कळू द्यायचं नाही हं! गरजूंना संकोच वाटतो. जो सगळ्यात आधी गरजू आणेल त्याचा शेवटच्या पानावर फोटो!"

सोबत प्रत्येकाने घरातलं एक ब्लँकेट समितीकडे जमा करायचं होतं. तिने क्षणाचाही विचार केला नाही. लग्नात सासूबाईंनी दिलेलं जांभळं ब्लँकेट तिने माळ्यावरून ओढून काढलं. त्यावर खऱ्या वाघाएवढा वाघ होता. इस्त्री चुकून टेकल्यामुळे त्याचा एक डोळा जळला होता, आणि उरलेल्या एका डोळ्याने तो रात्रभर बघत बसायचा. बाळ दचकेल म्हणून तिने त्याला माळ्यावर टाकला होता. आता समाजकार्यही झालं आणि वाघही गेला!

ऊबघर अकरा ते चार उघडं असायचं. ज्यांच्या घरात खरोखर गारठा असतो ती माणसं त्या वेळात कामावर असतात, हे नगरपालिकेत कुणाच्या डोक्यात आलेलं नव्हतं. पण ती तिथे पोचली तेव्हा ते तिच्याही डोक्यात आलं नाही, मग नगरपालिकेला तरी काय बोलायचं!

आत सातआठ माणसं होती. सगळी अगदी गप्प, आणि सगळी एकमेकांकडे चोरून बघत होती. एक बाई मासिक उलटं धरून वाचत होत्या. एक गृहस्थ खिडकीच्या काचेत बघत होते, पण बाहेरचं नव्हे, आतलं प्रतिबिंब. 'बिचारे! किती संकोचलेत,' असं मनात म्हणत तिने नजर फिरवली आणि कोपऱ्यात तिला तिचा गरजू सापडला.

सत्तरीचे एक काका. स्वेटरच्या कोपरांना भोकं. भोकांतून दुसरा स्वेटर दिसत होता आणि त्यालाही भोकं! तिला तर हर्षवायूच व्हायचा बाकी राहिला. ती बाळासकट शेजारच्या खुर्चीत जाऊन बसली.

"थंडी फारच आहे नाही काका?"

"हो ना." काकांनी तिच्याकडे आणि बाळाच्या दोन टोप्यांकडे निरखून पाहिलं. "घरी हीटर नाही वाटतं, पोरी?"

आता खरं तर इथे उठून यायला हवं होतं. पण ती समाजशास्त्राची एम. ए.! गरजू माणूस बोलता व्हायचा तर आपण त्याच्याच पायरीवर बसायचं असतं, हे तिला पाठ होतं.

"आहे," ती मान खाली घालून म्हणाली, "पण आम्ही लावत नाही."

"बिल, नाही का?"

तिने नुसता सुस्कारा टाकला. काकांचे डोळे चमकले. ते तिला पाणावल्यासारखे वाटले.

"आमचंही तेच," काका खुर्ची जवळ ओढत म्हणाले. "मी आणि ही, दोघं एकाच खोलीत बसतो. बाकीचं घर बंद!"

"आमच्याकडे हे हातमोजे घालून जेवतात."

"आम्ही पाणीसुद्धा तापवत नाही."

"आम्ही बाळाला दोघांच्या मध्ये झोपवतो, म्हणजे तिघांना ऊब."

"आमच्याकडे मध्ये घ्यायला बाळही नाही!" काका निर्वाणीचं बोलले.

लिलावात शेवटची बोली समोरच्याने लावावी तसं झालं. दोघंही एकमेकांकडे अपार दयेने बघत राहिले. बाळाने काकांच्या टकलाला हात लावून जाहीर केलं, "बाबा!"

"नंबर दे हो तुझा," काका हळूच म्हणाले. "नातवाचे जुने कपडे आहेत, लागलेच तर..."

'स्वतःचं कोपर उघडं आणि देतोय कपडे! काय हा मनाचा मोठेपणा!' तिला भरून आलं. तिने नंबर दिला, त्यांचा घेतला, आणि दाराबाहेर पडल्या पडल्या अध्यक्षबाईंना कळवलं: 'गरजू सापडले. वृद्ध दांपत्य. हलाखीची परिस्थिती.'

रविवारसाठी निरोप आला. सकाळी ऊबघरात या, फोटो आहे, बाळालाही आणा.

"बघितलंस? बाळासकट!" तिने नवऱ्याला फोन नाचवून दाखवला. ठेवणीतली साडी निघाली, रोजची शाल नुसती हातावर. बाळाला नवा सूट आणि वर दोन टोप्या. नवऱ्याने विचारलं, "मी येऊ?" ती म्हणाली, "तुझा काय संबंध?"

ऊबघरात सतरंजी अंथरली होती. फोटोग्राफरने तिला पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"ताई, अहो हे काय नेसून आलात! ती हातातली शाल घ्या वरून. गळ्यातलं काढा. आणि हसू नका."

'कार्यकर्तीने गंभीरच दिसायला हवं,' तिला पटलं.

"खाली बसा. बाळाची टोपी काढा."

"टोपी? अजिबात नाही! सर्दी झाली म्हणजे?"

"एक मिनिट हो! टोपीत बाळ खाऊनपिऊन सुखी दिसतंय!"

पत्रिकेच्या शेवटच्या पानासाठी तिने आयुष्यात पहिल्यांदा थंडीत बाळाच्या दोन्ही टोप्या काढल्या. तेवढ्यात काका आले. तेच स्वेटर, पण वर टाय! फोटोग्राफरने कागदात गुंडाळलेलं एक गाठोडं दोघांच्या मध्ये धरलं. "हं, आता देताना घेताना!"

"घ्या काका," ती मायेने म्हणाली.

"घे पोरी," काका त्याहून मायेने म्हणाले.

"अहो, तुम्ही घ्या!"

"अगं, तू घे! लाजायचं नाही!"

"मी कशाला लाजू? तुम्ही लाजू नका!"

"मी देतोय!"

"मी देतेय!"

दोघांनी गाठोडं एकाच वेळी समोर ढकललं, मग दोघांनी एकाच वेळी ओढलं. कागद टरकन फाटला आणि त्या फटीतून, जांभळ्या पार्श्वभूमीवर, एका डोळ्याने वाघ तिच्याकडे बघू लागला.

"हे... हे माझं ब्लँकेट आहे!"

"तुझंच आहे पोरी, समितीने दिलंय तुला! मीच कळवलं होतं तुझं!"

"तुम्ही? मी तुमचं कळवलं होतं! मी समितीची आहे!"

"मीही समितीचाच आहे! बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालोय मी!"

"मग ते स्वेटर?"

"आवडतात मला!" काका ओरडले. "घरी ही पण तेच विचारते!"

ती तडक अध्यक्षबाईंकडे धावली. प्रत्यक्षात त्या आवाजाच्या निम्म्यानेही उंच नव्हत्या. "ताई, घोटाळा झालाय. मी गरजू नाहीये, मी कार्यकर्ती आहे!"

"हो हो, बाळ," अध्यक्षबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "सकाळपासून सगळे असंच म्हणतायत. संकोच वाटतो माणसाला."

"सगळे?"

सगळे! उलटं मासिक वाचणाऱ्या बाई दातांच्या डॉक्टर होत्या आणि त्यांनी खिडकीतल्या गृहस्थांना हेरलं होतं. खिडकीतल्या गृहस्थांनी त्यांना हेरलं होतं. अख्ख्या ऊबघरात गरजू औषधालाही नव्हता. जे होते ते सगळे मदतीचे हात, आणि त्या हातांनी एकमेकांचे गळे धरलेले!

अध्यक्षबाईंचा चेहरा पडला. पण क्षणभरच. बाहेर गाडीचं दार वाजलं. नगराध्यक्ष आले होते.

"हे बघा, आता कुणी तमाशा करायचा नाही," त्या दबक्या आवाजात फिस्कारल्या. "पान कोरं सोडू का मी? निम्म्यांनी द्यायचं, निम्म्यांनी घ्यायचं. टाय असलेले देणारे. कडेवर मूल असलेले घेणारे."

"पण कडेवर मूल असलेली मी एकटीच आहे!"

"मग मधोमध उभी राहा. आणि घाबरू नकोस गं, घेणाऱ्यांचे चेहरे आपण पुसट करतो!"

पुढच्या आठवड्यात सासूबाई आल्या आणि त्यांच्या पाठोपाठ, दाराखालच्या फटीतून, पत्रिकाही आली. तिने झडप घातली. पण सासूबाई दाराशीच चपला काढत होत्या, त्यांनी वाकून आधी उचलली.

"कुठाय गं तुझा फोटो?" त्यांनी चष्मा लावून शेवटचं पान उघडलं. फोटो झकास आला होता. काका दिलदार हसत होते. नगराध्यक्षही हसत होते. मधोमध शाल पांघरलेली एक बाई, चेहऱ्याच्या जागी धुकं. कडेवर पाठमोरं बाळ. आणि सगळ्यांत ठसठशीत, एकेक मिशी मोजून घ्यावी असा, काणा वाघ. खाली छापलं होतं: 'ऊब मिळाली! एक गरजू माता.'

"यात... यात नाही आला आई माझा. पुढच्या अंकात असेल."

"अगं, पण हा माझा वाघ!" सासूबाईंनी बोट ठेवलं. "तू याला देऊन टाकलंस?"

ती बाळाची टोपी सारखी करू लागली. "फार गरजू होती हो ती, आई."

सासूबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "दिसतेच आहे. बघ की, एवढ्या थंडीत पोराच्या डोक्यावर साधी टोपी नाही! असल्या बायकांना मुलं कशाला हवीत म्हणते मी. आपल्याकडे बघ, दोन दोन टोप्या घालतेस तू!"

"हो ना," ती म्हणाली. स्वतःच्या निंदेला एवढ्या मनापासून मान डोलावलेली दुसरी बाई त्या उपनगरात झाली नसेल. नवरा हातमोजे तोंडावर धरून खोकल्यासारखं काहीतरी करत होता.

इतक्यात बाळ सासूबाईंच्या मांडीवर चढलं. त्याने पानावर हात आपटला. काकांच्या टकलावर बोट ठेवून म्हणालं, "बाबा!" नगराध्यक्षांवर ठेवून म्हणालं, "बाबा!" मग त्याचं बोट त्या धुक्यावर येऊन थांबलं. त्याने फोटोकडे पाहिलं, वर मान करून तिच्याकडे पाहिलं, आणि घरभर घुमेल अशा खणखणीत आवाजात म्हणालं,

"आई!"

पहिल्यांदा! वर्षभर ज्याची वाट पाहिली ते! तिला आनंदाने रडावं की खोक्यातल्या हीटरशेजारी जाऊन बसावं ते कळेना.

सासूबाईंनी फोटोतली शाल पाहिली. खुंटीवरची शाल पाहिली. गारठलेल्या खोलीतला खोक्यात बंद हीटर पाहिला, हातमोजे घातलेल्या आपल्या मुलाकडे पाहिलं. मग चष्मा काढून पदराने पुसला, आणि बराच वेळ पुसला.

"अगं, सांगायचं नाहीस का मला?" त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "आण माझा वाघ बाहेर, कुठे लपवलायस तो. आणि आधी हीटर लाव. बिल मी भरेन!"