ठमीला पॅराशूट बघायचं होतं

हिवरमाळच्या चाचणी केंद्रातल्या रॉकेट-गाडीने सोमवारी सकाळी धावायला साफ नकार दिला. आपण जन्मभर पॅराशूटं ओढली, पण एकही उघडताना पाहिलेलं नाही, असं तिचं म्हणणं होतं.

म्हणणं खरंच होतं. गाडी रुळांवरून सुसाट निघायची, तिच्या पाठीमागे पॅराशूट उघडायचं, आणि ते फाटतं की टिकतं हे कळलं की चाचणी संपायची. मग झाडून सगळे पॅराशूटकडे पळत. "वा, काय फुललंय!" एवढं गाडीला ऐकू येई, आणि ती आपली पुढे तोंड करून धुमसत उभी.

रुळांच्या प्रमुख इंदुमती घारपुरे यांना फार वाईट वाटलं. गाडीचं ठमी हे नाव त्यांनीच ठेवलेलं. इतक्या वर्षांत हे आपल्याला कसं सुचलं नाही, म्हणून त्या स्वतःवरच चिडल्या.

संचालक वागळे यांनी मात्र नियम सांगितला. "शुक्रवारी अवकाशकुपीच्या पॅराशूटची चाचणी आहे, बाई. तोवर धावली तर ठीक. नाहीतर तिला भंगारात काढून नवीन गाडी मागवावी लागेल."

"साहेब, ती काय जगावेगळं मागतेय?"

"मागण्याबद्दल तक्रार नाही. पण पॅराशूटकडे तोंड करून उलटं धावायची तरतूद नाही."

आरसा लावायचा ठरला, तर ठमी म्हणाली की आरशात सगळं उलटं दिसतं. मग चादर टांगून तिला जुन्या चाचण्यांची फिल्म दाखवली. तिने ती शांतपणे शेवटपर्यंत पाहिली.

"छान आहे," ती म्हणाली. "पण बाई, तुम्ही मुलीचं लग्न फोटोत बघून भागवलं असतंत का?"

इंदुमतीबाईंची मुलगी गेल्याच वर्षी उजवली होती. त्या तडक पॅराशूटांच्या घड्या घालणाऱ्या मैनुद्दीनभाईंकडे गेल्या.

"भाई, शुक्रवारचं पॅराशूट उलगडायचं. तिच्या नाकाला बांधू. दुपारी माळावर वारा तिच्या पाठीकडून येतो."

मैनुद्दीनभाईंचा चेहरा पडला. "बाई, एकच नग आहे. फाटला तर आपण दोघं घरी."

"आणि नाही उलगडला तर ती भंगारात."

भाईंनी पॅराशूटची पिशवी खांद्यावर घेतली. मग म्हणाले, "चला. पुन्हा घडी घालू. ठमी काय परकी आहे?"

बुधवारी दुपारी दोघांनी ते केशरी कापड ठमीच्या पुढ्यात रुळांवर पसरलं. वारा आला. कापड आधी नुसतं फडफडलं, मग एकदम भरलं आणि माळावर उभं राहिलं.

ठमीने ते या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"बाई, एवढं मोठं असतं?"

"एवढंच असतं, बाळा."

तेवढ्यात दोऱ्या ताणल्या गेल्या आणि गाडी हलली. पॅराशूट तिला ओढू लागलं. रुळांना तेल होतंच. ती रमतगमत निघाली आणि इंदुमतीबाई तिच्या बाजूने चालू लागल्या. कचेरीतून वागळे धावत बाहेर आले. "बाई, थांबवा तिला! पाचर लावा!"

लाकडी पाचर बाईंच्या हातातच होती.

"शुक्रवारी धावशील ना गं?" त्यांनी विचारलं.

"धावेन की. न धावायला काय झालं?" ठमीची नजर समोरून हलत नव्हती. "बाई, माझ्या मागे दर वेळी हे असं असायचं?"

"दर वेळी."

"आणि मी मेली नुसती पळत सुटायचे." थोडं अंतर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "आज टोकापर्यंत जाऊ द्या ना."

मागून वागळे पुन्हा ओरडले. इंदुमतीबाईंनी पाचर पदराखाली घेतली आणि त्या तिच्याबरोबर चालत राहिल्या.