काटेभाऊ उतरले की विमान कलतं

या मायबाप, जरा पुढे सरका. एक जावई, त्याची सासू आणि जागच्या जागी झुकणारं विमान, अशी गोष्ट सांगतो. हसू आलं तर दाबून ठेवू नका, देवाला ते आवडत नाही.

विमानतळावर एक तंत्रज्ञ होते. जन्मभर उपकरणांचे काटे न्याहाळत आले, म्हणून सगळे त्यांना काटेभाऊ म्हणत. त्या सकाळी त्यांच्या सासूबाई पहिल्यांदाच विमानाने निघाल्या होत्या. धाकट्या लेकीचे दिवस भरलेले, आणि लेकीचा एकच धोशा, "आई आल्याशिवाय मी दवाखान्यात पाऊल टाकणार नाही." काटेभाऊंनाही घाई होतीच. सासूबाईंचा मुक्काम इतका लांबला होता की टीव्हीचा रिमोट कसा दिसतो हेही ते विसरले होते.

विमान छोटंसं, शिडी डाव्या अंगाला. प्रवासी बसले, आणि काटेभाऊंना बोलावणं आलं: तिसऱ्या क्षितिजाचा दिवा लागत नाही.

आता हे तिसरं क्षितिज काय? विमान ढगात शिरलं की वैमानिकाला वरखाली काही उमगत नाही. कलंडलेला असला तरी त्याला वाटतं, आपण सरळच आहोत. म्हणून समोर एक उपकरण असतं. विमान सरळ आहे की झुकलंय, ते दाखवतं. एक कॅप्टनपुढे, एक सहवैमानिकापुढे. पण नियम म्हणतो, तिसरंही हवं, आणि त्या तिसऱ्याने पहिल्या दोघांकडून काही उसनं घ्यायचं नाही, वीजसुद्धा स्वतःच्या बॅटरीची. ते धड नसेल तर विमानाने हलायचं नाही. माणसाच्या छातीतही देवाने असं एक तिसरं बसवलंय, पण त्याचा दिवा आपण कधी बघतो? असो.

काटेभाऊंनी दिवा बदलला, उपकरण पाहिलं, "सरळ आहे," म्हणाले आणि उतरून गाडीकडे निघाले. तोच कॅप्टन खिडकीतून ओरडले, "काटेभाऊ, वाकडं झालं!"

ते धापा टाकत वर आले. क्षितिज सरळ.

"कुठे वाकडंय?"

"आत्ता होतं हो! डावीकडे झुकलं होतं."

"आणि मी आलो म्हणून सरळ झालं?"

"डॉक्टर दिसला की माझ्या सासऱ्यांचं पोट दुखायचं थांबतं, तसं झालं खरं."

काटेभाऊ उतरले. पुन्हा हाक. वर आले. पुन्हा सरळ. शेवटी त्यांनी उपकरणच काढलं, गाडीतून नवंकोरं आणून बसवलं आणि खाली गेले. नवंकोरंही वाकडं!

एवढ्यात त्यांचे साहेब आले. "दोन चालतायत ना? मग तिसऱ्याचं काय घेऊन बसलात? करा उड्डाणाच्या कागदावर सही."

काटेभाऊंचा हात क्षणभर खिशातल्या पेनाकडे गेला. सही केली तर सासूबाई उडणार, नाही केली तर धाकटी अडून बसणार. त्यांनी हात मागे घेतला. "साहेब, सही मागू नका. आत माझ्या बायकोची आई बसलीय."

"मग तर करायलाच हवी!"

पण साहेबांनाही कोडं सुटेना. त्यांनी स्वतः उतरून पाहिलं. क्षितिज सरळ. काटेभाऊंना उतरवलं. वाकडं. साहेबांनी त्यांना वर बोलावून दरडावलं, "खिसे रिकामे करा! लोहचुंबक घेऊन फिरता का?"

निघालं काय, तर किल्ल्या, रुमाल आणि अर्धं बिस्कीट.

"साहेब, याचा चुंबकाशी संबंध नाही."

"मग तुमच्याशी काय संबंध आहे त्याचा?"

तेवढ्यात सहवैमानिक मुलगी कॅप्टनना चाचरत म्हणाली, "सर, आत्ता हे खाली होते तेव्हा माझंही झुकलं होतं. आणि तुमचंही."

तिसऱ्याच्या नादात पहिल्या दोघांकडे कुणी बघितलंच नव्हतं! काटेभाऊ म्हणाले, "तिघं एकमेकांना विचारत नाहीत, आणि तिघं एकच सांगतात. म्हणजे उपकरणं ठीक आहेत. विमानच कलतंय."

"उभ्या उभ्या?" साहेब किंचाळले.

मागचं दार उघडून एअर होस्टेस आत आली. तिचे केस विस्कटले होते. "यांना एकदाच काय ते वर ठेवा, नाहीतर खाली! हे उतरले की सगळे प्रवासी उठून डाव्या खिडक्यांना चिकटतात. बसवून बसवून माझा घसा बसला."

"पण का?"

"एक आजी आहेत. त्याच बोलावतात सगळ्यांना."

काटेभाऊ आत गेले. सासूबाई मधल्या वाटेत उभ्या राहून हातवारे करत होत्या. "हेच ते! हे हो म्हणतील तेव्हाच विमान उडायचं, कळलं? आणि घरात विचारावं, आज काय केलंत, तर म्हणतात, काही नाही!" प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. एकाने तर उठून हात मिळवला.

"आई, तुमच्यामुळे विमान कलतंय."

"अगंबाई! मला काय ठाऊक ते एवढं हलकं असेल? म्हटलं, जावई सगळ्यांना दिसावा."

"धाकटी वाट बघतेय. बसा आता."

"बसते. पण तुम्ही खाली गेलात की मी बघायचंही नाही?"

कॅप्टननेच तोड काढली. बाकी सगळ्यांनी पट्टे बांधून बसायचं, खिडकीतून फक्त आजींनी बघायचं. "एका आजीने काय कलतंय विमान!"

"तुम्ही माझ्या सासूबाईंना ओळखत नाही," काटेभाऊ म्हणाले. पण उतरण्याआधी त्यांनी शर्ट नीट खोचला.

ते उतरले. तिन्ही क्षितिजं सरळ राहिली, सही झाली, विमान निघालं. संध्याकाळी फोन आला, आई वेळेत पोहोचली, धाकटीला मुलगी झाली.

दुसऱ्या दिवशी काटेभाऊ दुसऱ्या एका विमानातून उतरले आणि नकळत मागे वळून पाहिलं. खिडक्यांत कुणी मोबाइलमध्ये, कुणी झोपेत. विमान अगदी सरळ उभं. नियमात चोख. काटेभाऊंना काही ते आवडलं नाही.

तर मायबाप, कधी विमानात बसलात तर पट्टा बांधा, जागेवरच राहा. पण खाली कुणी हातात पाना घेऊन धावताना दिसला, तर त्या सासूबाईंची तेवढी आठवण काढा.